पाहुण्यांची टोपी

१

त्या दिवशी ऊन असं होतं की स्कूटरच्या हँडलला हात लावला तरी चटका बसावा. पाऊस जाऊन फार दिवस झाले नव्हते, पण डोंगर कडेकडेनं पिवळे पडायला लागले होते. वारा नावाला नव्हता. खडकवासल्याच्या पाण्यावरून पांढरा उजेड उठून सरळ डोळ्यांत जात होता. धरण मागे टाकून श्रीनिवास एका वाडीत शिरला, स्कूटर पत्र्याच्या सावलीत उभी केली, रुमालानं मान पुसली, आणि समोरचं घर पाहून नाक मुरडलं.

नाक मुरडणं हे त्याचं उपजतच. जन्म नारायण पेठेतला. कर्वेनगरात फ्लॅट घेतला तेव्हा डोक्यावर काळे केस होते, आता टक्कल पडलं, तरी पत्ता विचारला की म्हणायचा, "सध्या कर्वेनगरला असतो." जसं काही उद्याच सामान आवरून परत जायचंय. विमा कंपनीतून निवृत्त झाला होता. तिथल्या साहेबांना तो गाढव समजायचा, हाताखालच्यांना बैल, आणि विमा उतरवणाऱ्यांना काय समजायचा ते न सांगितलेलं बरं.

नाद होता तो जर्मन टोप्यांचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचं पायदळ डोक्यावर घालायचं त्या पोलादी टोप्या, कानांवर आणि मानेवर उतरत आलेल्या. कोणी तिकिटं जमवतं, कोणी नाणी. यानं ह्या जमवल्या. त्या लोकांबद्दल प्रेम होतं म्हणावं तर तेही नाही. घरी कोणी आलं की काचेचं कपाट उघडायचा आणि म्हणायचा, "काम बघा काय आहे. आणि आत काय होतं? शेण. शेण झाकायला एवढं पोलाद." आलेला माणूस हसायचा. हसला नाही तर श्रीनिवास त्यालाही त्याच रांगेत बसवायचा.

घरातून एक म्हातारी बाहेर आली. तिच्या सासऱ्यानं लढाईवरून, इटलीतून, आणलेली टोपी तिनं कोपऱ्यातून उचलून अंगणात ठेवली. उताणी, भांड्यासारखी. आत फडकं, फडक्यात राख, आणि राखेत घेवड्याचं बी.

"नातू म्हनला पुन्याचं कोन तरी घेतंय," म्हातारी म्हणाली. "घ्या की. आमाला दुसरं डबडं मिळंल."

"आजी, हे डबडं नाही. टोपी आहे ही."

"आसंल. आमच्याकडं आल्यापासून भांडंच हाय."

श्रीनिवासनं टोपी उलटीपालटी करून पाहिली आणि पुन्हा उजेडात धरली. आतलं चामडं शाबूत होतं. राखेनं सुकून कडक झालेलं, पण पाकळी न् पाकळी जागेवर. बाजारात येतात त्या निम्म्या टोप्या कालपरवा मुरादाबादेत ठोकून गंजवलेल्या असतात. ही खरी होती. उजव्या कानाच्या वर एक भोक होतं. ते डांबरानं बुजवलेलं.

"हे कोणी केलं?"

"सासऱ्यानंच. बी सांडायचं ना."

म्हातारीनं बी सुपात ओतून घेतलं आणि मूठभर आत राहू दिलं. भांडं रिकामं देऊ नये म्हणून. श्रीनिवासनं मान हलवली, पैसे दिले, आणि धरणाच्या वळणावर स्कूटर थांबवून ते बी राखेसकट खाली चरात झटकून टाकलं.

२

कपाट होतं मागच्या खोलीत, गॅलरीलगत. त्या खोलीवरून घरात धुसफूस चालली होती.

श्रीनिवासची मुलगी सलोनी दिवाळीनंतर बाळंत व्हायची होती आणि माहेरी यायची होती. आधीचं एक पोटातच गेलं होतं. त्यामुळे ह्या खेपेला तिची आई, हेमा, जीव मुठीत धरून होती. कोणी शिंकलं तरी दचकायची. मागच्या खोलीत ऊन येतं, वारा येतो, गॅलरीत बाळाचे कपडे वाळतील, तेव्हा सलोनी तिथंच राहणार हे तिनं ठरवून टाकलं होतं.

"आणि ते कपाट हॉलमध्ये आणा," ती म्हणाली.

"हॉलमध्ये संध्याकाळचं ऊन येतं. रंग उडतो."

"मग कोणाला तरी देऊन टाका. मेलेल्या माणसांच्या टोप्या. तिथं बाळंतीण निजवायची?"

"मेलेल्यांच्याच आहेत ना? मग कशाला घाबरतेस? जिवंत असते तर गोष्ट वेगळी. जिवंतपणी फार वाईट होते."

हेमा उठून स्वयंपाकघरात गेली. श्रीनिवासशी संसार करताना तिला एवढं कळलं होतं की त्याला उत्तर दिलं की त्याला बरं वाटतं.

कपाट तिथंच राहिलं, आणि त्याच आठवड्यात श्रीनिवास नव्या टोपीला लागला. एरवी तो कशालाही हात लावायचा नाही. गंज असेल तर गंज, माती असेल तर माती. जुन्या वस्तूला घासणाऱ्याला तो कल्हईवाला म्हणायचा. पण डांबर जर्मनांचं नव्हतं. वाडीतल्या कोणा अडाण्याचं होतं. म्हणून गॅलरीत वर्तमानपत्र पसरून तो बसला आणि रॉकेलचा बोळा लावून लाकडी काडीनं डांबर कोरत राहिला. सकाळभर कोरलं तेव्हा ते एकदम निखळून पडलं, सुकलेल्या खपलीसारखं. भोकातून उन्हाची काडी आत उतरली. कडा आतल्या बाजूला वळलेल्या होत्या. श्रीनिवासनं करंगळी घालून पाहिली, ती बसली.

"वा," तो म्हणाला. "काय नेम आहे."

मग त्यानं टोपी लाकडी ठोकळ्यावर घातली, पालथी, डोक्यावर घालतात तशी. पुष्कळ वर्षांनी ती अशी बसली असेल.

३

खंडेनवमीला हेमा हत्यारं पुजायची. हत्यारं म्हणजे घरात असतात ती: विळी, कात्री, श्रीनिवासचे स्क्रू ड्रायव्हर, स्कूटरची किल्ली. पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायची, झेंडू ठेवायची. श्रीनिवास एरवी त्या वेळी पेपर वाचत बसायचा. ह्या वर्षी त्याला हुक्की आली.

"थांब. आमचंही एक हत्यार आहे," असं म्हणून त्यानं नवी टोपी आणली. पाटावर ती नुसती ठेवली तर वाडग्यासारखी दिसेल म्हणून त्यानं हेमाचा कलश पुढे ओढला, त्यावरच्या नारळावर टोपी चढवली. नारळाची शेंडी आत गेली, टोपी कानापर्यंत उतरल्यासारखी बसली. पाटावर कोणी तरी मान खाली घालून बसलंय असं दिसायला लागलं.

"अहो, कलश आहे तो," हेमा म्हणाली.

"असू दे. साहेबांना बसायला आसन नको?" त्यानं हात जोडले, अक्षता घेतल्या आणि भटजींच्या सुरात म्हणाला, "यावे. बसावे. घर आपलंच समजावे. आमच्याकडे लवकरच नातवंड येणार आहे, त्यालाही आपलंच मानावे." आणि अक्षता टाकल्या. दोन-चार दाणे भोकातून आत गेले. नारळावर पडले की काय, आवाज आला नाही.

हेमानं हातातला झेंडू खाली ठेवला. "बाळाचं नाव कशाला घेतलंत?"

"अगं, पाहुण्यांना घरातली बातमी द्यायला नको?"

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तिनं सगळ्यांची उत्तरपूजा केली. म्हणजे काय, अक्षता टाकायच्या, वस्तू जागेवरून जराशी हलवायची, आणि मनात म्हणायचं, या आता, पुढच्या वर्षी परत या. बोलावलेल्याला निरोप द्यायचा. विळीला दिला, कात्रीला दिला, किल्लीला दिला. टोपीपाशी आली तर टोपी नव्हती. श्रीनिवासनं सकाळीच ती फोटो काढायला नेली होती आणि कुंकवासकट कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं.

"त्याचं राहिलं ना," हेमा म्हणाली. "द्या इकडं, एक मिनिट लागतं."

"परत या म्हणायचं? असल्या लोकांना?" श्रीनिवासनं पेपर उलटला. "त्यांना एकदा बोलावलं तेच फार झालं."

४

पहिल्यांदा त्यानं पाहिलं ते कुंकू पुसायला गेला तेव्हा. टोपी उचलली आणि बोटं ओली झाली.

आतलं चामडं ओलं होतं. ओघळ वगैरे नाही. डोक्यावरची टोपी काढल्यावर आतली पट्टी जशी असते, तसं. बाहेर ऑक्टोबरचं कडकडीत ऊन, कपडे तासाभरात वाळत होते. बाकीच्या टोप्या त्यानं चाचपल्या. कोरड्या ठणठणीत.

राख मीठ धरते आणि मीठ पाणी धरतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. चामड्यानं इतकी वर्षं राख प्यायली, आता ती सुटते आहे. कारण पटण्यासारखं होतं. फक्त वास राखेचा नव्हता. कामावरून आलेल्या माणसाचा होता.

त्यानं चामडं टिपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलं. मग तो हेमाकडे गेला.

"माझ्या टोपीशी कोण खेळतं?"

"मला तेवढाच उद्योग राहिलाय."

"भांडीवाली?"

"ती तुमच्या कपाटासमोरून पदर सावरून जाते. आणि किल्ली तुमच्या खिशात असते."

ते खरं होतं. श्रीनिवासनं खिसा चाचपला आणि त्याला आपल्याच हाताचा राग आला.

समोरच्या इमारतीत, बरोबर श्रीनिवासच्या मजल्यासमोर, बाबुराव राहायचे. पोस्टातून निवृत्त झालेले, बुद्धपौर्णिमेला सगळ्या सोसायटीला खीर वाटणारे. श्रीनिवास ती खीर घ्यायचा आणि साखर जास्त झाली म्हणून सांगायचा. बाबुरावांनाही तो फार आवडत होता असं नाही. त्या दुपारी दोघं आपापल्या गॅलरीत वाळलेले कपडे काढायला आले.

"पाहुणे आलेत वाटतं?" बाबुरावांनी विचारलं.

"नाही बुवा."

"मग दुपारी तिथं उभे असतात ते? मोठी टोपी घालून? मी दोनदा हात केला. ओळख दाखवत नाहीत. म्हटलं, तुमचेच नातेवाईक असणार."

श्रीनिवासनं बाबुरावांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मोतीबिंदू पिकलेला, बुबुळावर साय धरलेली. "बाबुराव, ऑपरेशन करून घ्या. बादली पालथी घालतो आम्ही कठड्यावर. तिला हात करताय."

"असेल," बाबुराव म्हणाले. "बादली असेल. डोळ्यांचं काही खरं नाही." शर्टाची घडी घालता घालता ते थांबले. "पण खरं सांगू का? त्या टोप्या घालून त्या लोकांनी काय काय केलं ते वाचलंय मी थोडंफार. मी नसत्या ठेवल्या घरात. पुजणं तर लांबच."

"पुजतंय कोण? चेष्टा केली."

"हो का," बाबुराव म्हणाले आणि आत गेले.

श्रीनिवासनं कठड्याकडे पाहिलं. बादली मोरीत होती. सकाळपासून मोरीतच होती.

५

सलोनी आली, दिवाळी झाली, आणि थंडी पडायला लागली तेव्हा ती सुखरूप बाळंत झाली. मुलगा. हेमा त्या दिवशी दवाखान्यात रडली तेवढी कधी रडली नव्हती. श्रीनिवाससुद्धा खिडकीशी जाऊन बराच वेळ रिक्षा बघत उभा राहिला. बाळ घरी आलं, मागच्या खोलीत पाळणा लागला, कपाटावर हेमानं जुनी चादर टाकून दिली. श्रीनिवासनं चादरीला हरकत घेतली नाही. तेवढं त्यानं केलं.

घर दुधाच्या, धुरीच्या वासानं भरून गेलं. बारसं व्हायचं होतं, तोवर सगळे त्याला बाळच म्हणत. बाळ सकाळी रडायचं, संध्याकाळी रडायचं, रात्री तर सगळ्यांना उठवायचं. दुपारी मात्र नाही. दुपारी जेवणं झाली की ह्या घरात सगळे आडवे व्हायचे; नारायण पेठेतून आणलेली तेवढी एक रीत श्रीनिवासनं कर्वेनगरात मोडू दिली नव्हती. तासभर घर कसं चिडीचूप. मध्येच बाळाचा सूर लागायचा, एक टाहो फुटायचा, आणि अर्ध्यावर तुटायचा. मग फरशीवर हलका ताल ऐकू यायचा. एका पायावरून दुसऱ्या पायावर, थांबून, पुन्हा. बाळाला खांद्यावर घेऊन कोणी झुलतं तसा. त्या तालावर श्रीनिवासलाही झोप लागायची. हेमा उठली असेल, असं तो म्हणायचा.

एकदा चहाच्या वेळी सलोनी म्हणाली, "बाबा, थँक्यू हं."

"कशाबद्दल?"

"दुपारी तुम्ही बाळाला घेता ना. मी अर्धवट झोपेत असते, पण कळतं मला. आई म्हणाली होती, बाबा काही हात लावणार नाहीत. मी म्हटलं बघ."

आता खरं तर इथं श्रीनिवासनं सांगायला हवं होतं की मी नाही घेत. पण हेमा स्वयंपाकघराच्या दारातून कौतुकानं पाहत होती, असं कौतुक त्या घरात त्याच्या वाट्याला फार दिवसांत आलं नव्हतं. पोरगी झोपेत आईला बाप समजली, समजू दे. त्यानं चहाचा घोट घेतला. "त्यात काय एवढं," म्हणाला.

"फक्त अंगाला तो वास कसला येतो हो तुमच्या? ओल्या चपलेसारखा. बाळाच्या टोपड्यालाही लागतो."

हेमा हसली. "मला वाटायचं तूच उठतेस गं दुपारची. मी आपली गाढ झोपते."

श्रीनिवासनं कप बशीत ठेवला. मग सदऱ्याची बाही नाकाशी नेली.

आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात येत होती आणि तो ती लक्षातून काढून टाकत होता. बाळाला कोणी घेतलं की ते तोंडाकडे बघायचं नाही. तोंडाच्या वर बघायचं, वीतभर वर. जणू त्याला उंच माणसाची सवय झाली होती. एवढ्याशा पोराला नजर कुठली, असं तो म्हणायचा. आणि खुर्चीत जरा ताठ बसायचा.

६

त्या दिवशी श्रीनिवास दुपारचा झोपला नाही. नुसता डोळे मिटून पडला. डिंक तळल्याचा खमंग वास घरभर होता. बाळाचा टाहो फुटला, आणि तुटला.

तो उठला. घाई केली नाही. म्हातारपणी दुपारी पाणी प्यायला उठतो माणूस, त्यात काही विशेष नाही, असं मनाशी म्हणत तो मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. दार लोटलेलं होतं. सलोनी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पाळणा रिकामा होता, आणि जरासा हलत होता.

गॅलरीच्या दाराला दाणेदार काच होती. पलीकडचं नुसतं रंगासारखं दिसायचं. काचेपलीकडे कोणी तरी पाठमोरं उभं होतं आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होतं. डोकं मोठं होतं, मानेवर पसरत उतरलेलं. श्रीनिवासच्या जिवात जीव आला. हेमा न्हायली असणार, आणि केसांना पंचा गुंडाळून बाळाला उन्हात घेऊन उभी असणार.

"ओल्या डोक्यानं कसली उभी राहतेस?" तो हळू आवाजात म्हणाला, सलोनी उठू नये म्हणून. "अक्कल कधी येणार तुला?"

झुलणं थांबलं.

"कोणाशी बोलताय?" हेमा म्हणाली. पाठीमागून. त्याच्या पाठीमागून, हातात झारा घेऊन. झाऱ्यावर डिंक अजून फुलत होता.

श्रीनिवासनं तिच्याकडे पाहिलं, मग काचेकडे. काचेत नुसतं ऊन होतं.

त्यानं दार उघडलं. बाळ चटईवर होतं, दुपट्यात गुंडाळलेलं. हेमा गुंडाळायची तसं नव्हे. चारी कोपरे धारदार घडी घालून आत खोचलेले, वळकटी बांधतात तसं आवळून. बाळ जागं होतं, अजिबात रडत नव्हतं. ते श्रीनिवासच्या टकलाच्या वीतभर वर बघत होतं.

"इथं कोणी ठेवलं याला?" हेमा म्हणाली. "तुम्ही?"

"हो," श्रीनिवास म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

ती बाळाला आत घेऊन गेली तेव्हा त्यानं चादर बाजूला केली. कुलूप जागच्या जागी होतं. किल्ली खिशात. टोपीच्या आत हात घातला तर चामडं ओलं होतं, आणि ऊबदार. नुकतं कोणी उठून गेलेल्या खुर्चीसारखं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं टोपी कापडी पिशवीत घातली. कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तर आधी स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. टोपीत पाणी सुटतं, बाकीचा माल खराब होईल, म्हणून परत देतोय, एवढं म्हणाला. स्वयंपाकघरात जाऊन मात्र त्यानं मूठभर तांदूळ मागितले.

"कशाला?"

"भांडं रिकामं देऊ नये म्हणतात."

हेमानं मूठभर तांदूळ काढून दिले. असलं वाक्य त्याच्या तोंडी तिनं कधी ऐकलं नव्हतं. "देताय ते बरंच झालं," ती म्हणाली. "मग ह्यातलेच चार दाणे टाका ना घरात असताना. खंडेनवमीला बोलावलंत, निरोप दिलाच नाहीत. जराशी हलवायची आणि या आता म्हणायचं. माझ्या मनाला तेवढंच बरं वाटेल."

पिशवी त्याच्या हातात जड लागत होती. घरातून निघण्याची त्याला घाई झाली होती, आणि घाई झालीय हे हेमाला दिसू नये याची जास्त घाई झाली होती.

"अगं, मी त्याला उचलून घराबाहेर नेतोय," तो म्हणाला. "आता आणखी काय, वाजत गाजत नेऊ?"

खाली बाबुराव बाकावर ऊन खात बसले होते. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, वर काळा चष्मा. पिशवीच्या तोंडातून टोपीची कड दिसत होती. बाबुरावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, मग वर गॅलरीकडे पाहिलं.

वाडीत हवा गार होती. म्हातारी अंगणात वाल सोलत होती. पैसे परत नकोत म्हटल्यावर तिनं जास्त चौकशी केली नाही. शहरातली माणसं अशीच, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. टोपी तिनं दोन्ही हातांत घेतली, तांदळासकट, आणि जोखल्यासारखी खालीवर केली.

"डांबर काढलं व्हय?" ती म्हणाली.

"पुन्हा लावता येईल."

"लावू की." ती अजून जोखतच होती. "पर हलकं झालंय हो हे. आमच्याकडं व्हतं तवा आसं नव्हतं."

"राख काढली ना आतली. बी काढलं. हलकं होणारच."

"राखंला कसलं वजन," म्हातारी म्हणाली. तिनं टोपी कोपऱ्यात नेऊन उताणी ठेवली आणि पुन्हा वालाला बसली.

८

परत येताना श्रीनिवासला मोकळं वाटत होतं. वळणावर, जिथं त्यानं बी टाकलं होतं, तिथं चरात घेवड्याचे दोन वेल आले होते. त्यालाही त्यानं बरं म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की उद्या कोणाला तरी बोलावून बाकीच्या टोप्याही देऊन टाकाव्यात. खोली मोकळी होईल. बाळ रांगायला लागलं की त्याला जागा लागेल. दुपारी ते रडलं तर आपण खरंच उठून त्याला घ्यावं. आपलं नातवंड आहे, आपण नाही घ्यायचं तर कोणी.

सोसायटीत शिरला तेव्हा दुपार कलली नव्हती. जेवणं होऊन सगळे आडवे झाल्याची ती वेळ. आवारात कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. हेमा आणि सलोनी झोपल्या असतील असं वाटून त्यानं लांबूनच स्कूटर बंद केली आणि ढकलत आत आणली.

बाबुराव बाकावरच होते. काळा चष्मा काढलेला होता. नाकावर आजच आलेला नवा, पांढऱ्या काचांचा चष्मा होता, आणि त्यामागचे डोळे धुतलेल्या काचेसारखे स्वच्छ झाले होते. ते मान वर करून बघत होते. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरलेले होते.

श्रीनिवासनं कधी नव्हे ते आपणहून विचारलं, "काय बाबुराव, दिसायला लागलं का नीट?"

बाबुरावांनी लगेच त्याच्याकडे पाहिलं नाही. वर कुठं तरी, श्रीनिवासच्याच मजल्यावर, एका पायावरून दुसऱ्या पायावर असा हलका ताल चालला होता. मग ते उठले, जवळ आले, आणि श्रीनिवासच्या रिकाम्या पिशवीवर हात ठेवला. एरवी त्यांच्या बोलण्यात असायची ती खोच आज नव्हती.

"दिसतं हो, सगळं लख्ख दिसतं," ते म्हणाले. "म्हणून सांगतो, श्रीनिवासराव. त्या पाहुण्यांना त्यांची टोपी परत आणून द्या. तसलं डोकं उघडं टाकून, बाळाला खांद्यावर घेऊन, गॅलरीत उभं राहू नये माणसानं."